लाल फडक्यातली कादंबरी

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो, आणि मला भयंकर राग आलेला आहे. आधीच सांगून ठेवते, गोडगोड बोलणं माझ्याकडून व्हायचं नाही. फाटकी छत्री, मोडकी खुर्ची, शाळेतला जुना फळा, सगळे आपापली कहाणी सांगतात आणि शेवटी डोळे पुसत म्हणतात, "आम्हाला जपा हो!" माझं उलटं आहे. मला एका घरानं जपलं. किती जपलं? जीव जाईस्तोवर जपलं. आता नीट बसा आणि ऐका.

सोलापूरच्या एका बोळात लहानसा छापखाना होता. निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. लग्नपत्रिका, बिड्यांची लेबलं, तमाशाच्या जाहिराती, असलं काहीबाही छापून तो छापखाना पोट भरायचा. तिथं व्यंकट नावाचा तरुण अक्षरांचे खिळे जुळवायचा. त्यानं शिशाचा एकेक खिळा उचलून मला ओळीत उभं केलं. मालकाला मी बिलकूल आवडले नव्हते. "ह्यात ना देव, ना दरोडा, ना लगीन! घेणार कोण?" असं तो जाता-येता म्हणायचा. आणि मेल्याचं म्हणणं खरं झालं. माझ्याच छापाच्या बाकीच्या प्रती, म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणी, वर्षभर धूळ खात पडल्या आणि रद्दीत गेल्या. भाजक्या शेंगांच्या पुड्या झाल्या त्यांच्या. निदान कुणाच्या हातात तरी पडल्या बिचाऱ्या!

माझ्यात देव नव्हता, दरोडा नव्हता. मग होतं काय? एक आंधळा कुलूपवाला होता आणि त्याची मुलगी होती, चिमणा. भिंतीत लपलेली दारं चिमणाच्या बोटांना कळायची. त्या दारांना ना कडी, ना किल्ली. दारापुढं उभं राहून एक गोष्ट पुरी सांगितली की दार उघडायचं. गोष्ट अर्धी सोडली तर ते परत भिंतीत विरून जायचं. चिमणाची आई असंच एक दार उघडून पलीकडं गेली होती आणि परत आली नव्हती. म्हणून पोर दारामागून दार उघडत तिला शोधत निघाली होती. माझ्यातल्या प्रकरणांना प्रकरण म्हणतच नसत. पहिलं दार, दुसरं दार, असंच छापलेलं होतं. आणि भाषा अशी, की स्वतःची तारीफ करू नये, पण खिळे जुळवताना व्यंकटचे हात थांबायचे. "संध्याकाळ म्हणजे दिवसानं हळूच ओढून घेतलेलं दार," ही ओळ त्यानं जुळवली आणि तो बोळात जाऊन आभाळ बघून आला. मालकानं त्याबद्दल त्याला शिव्या घातल्या.

व्यंकटनं एक प्रत वाचवली, ती मी. पिशवीत घालून त्यानं मला मुरुम गावी नेलं. त्याची धाकटी बहीण सत्यभामा तिथं एका शेतकऱ्याच्या घरात दिलेली होती. सातवी पास पोर, पण सासरी आल्यापासून वाचायला मिळायचं ते साखरेच्या पुडीचा कागद. तोही ती सुरकुत्या काढून वाचायची. मला बघितल्यावर ती हरखून रडायलाच लागली.

तिनं मला कसं वाचलं म्हणून सांगू? गुळाचा खडा दाढेखाली न फोडता गालात धरून बसावं, तसं वाचलं. सासू शेताकडं गेली की दुपारी ओसरीवर बसायची, मला पाटावर ठेवायची आणि हळू आवाजात एकेक ओळ म्हणायची. आवडली की परत म्हणायची. एक दार संपलं की लगेच दुसरं उघडायचं नाही. ते दार डोक्यात घोळवत भांडी घासायची, शेण सारवायची, आणि दोन दिवसांनी पुढचं. माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस सुखाचे. त्यांच्याबद्दल मी रागानं बोलणार नाही.

ऐकायला ताहेराबी असायची. ताहेराबी म्हणजे मुरुमची मन्यारीण, घरोघर फिरून बांगड्या भरणारी. खांद्यावर काचेच्या बांगड्यांच्या माळा, हातात टोपली. घट्ट बांगडी चढवताना बाईनं हात आखडला की काच फुटते आणि हातही कापतो. म्हणून ताहेराबी बाईला गोष्टीत गुंतवायची. बाई ऐकत राहायची, हात सैल पडायचा आणि बांगडी कधी चढली ते कळायचंही नाही. तिच्याकडच्या गोष्टी जुन्या होऊन विटल्या होत्या. मी तिला नवी कोरी मिळाले. दुपारी सत्यभामेकडून एक दार ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी तेच दार गावातल्या दहा घरांत उघडायची. मी पाटावरून हलले नाही, पण त्या बाईच्या तोंडून अर्ध्या मुरुममध्ये जाऊन आले. बायका मनगटं पुढं करून विचारायच्या, "ताहेराबी, त्या पोरीला आई गावली का गं?"

"इतक्यात कुटं?" ताहेराबी म्हणायची. "अजून लई दारं हायेत."

पण तो प्रश्न मुळात तिचाच होता. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या साली गावं सोडून पळणाऱ्या माणसांच्या गर्दीत तिची आई हरवली होती. हरवली ती हरवलीच. जिवंत आहे की नाही, ते सांगणारं कुणी भेटलं नाही. हे तिनं एकदाच सांगितलं, बांगड्या पुसता पुसता, आणि लगेच म्हणाली, "वाच बेटा, पुडं वाच."

शेवटचं दार तेवढं राहिलं, तेव्हा दोघींनी ठरवलं की ते संक्रांतीच्या दिवशी उघडायचं. "त्या दिशी समद्या बायांच्या हातात नव्या बांगड्या असत्यात," ताहेराबी म्हणाली. "शेवट कसा, सनासारका ऐकावा." मला तेव्हाच ओरडावंसं वाटलं होतं, अगं बायांनो, आज वाचा, आत्ता वाचा! पण पुस्तकाला तोंड कुठं असतं? ते दुसऱ्याच्या तोंडानं बोलतं.

आता ती दुपार. शेवटच्या दाराच्या अलीकडचं दार त्या पुन्हा चाखत बसल्या होत्या. सत्यभामेच्या डोक्यावर पदर, पुढं पाटावर मी. चिमणा भिंतीवर कपाळ टेकवून म्हणते, "आई, दार उघड. किती भिंती ओलांडून आले मी!" हे वाचताना सत्यभामेचा आवाज चढला आणि नेमक्या त्याच वेळी सासू, लक्ष्मीबाई, शेतातून लवकर परतल्या.

"काय वाचायलीस गं?"

सत्यभामा पांढरीफटक पडली. लक्ष्मीबाईंना अक्षर ओळखत नव्हतं. त्यांनी माझं मुखपृष्ठ पाहिलं. त्यावर कमानीचं दार होतं आणि दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांत दिवे. त्यांना तो देवीचा गाभारा वाटला.

"येरमाळ्याच्या आईची पोथी हाय व्हय?"

खरं सांगावं, तर सून भरदुपारी कादंबरी वाचते म्हणून मी त्याच संध्याकाळी चुलीत गेले असते. सत्यभामा खाली मान घालून म्हणाली, "व्हय, आत्याबाई."

लक्ष्मीबाईंनी वहाणा काढल्या आणि माझ्यापुढं डोकं टेकवलं. "वाच, वाच. असलं कानावर पडावं," म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या गेल्यावर दोघींनी पदरात तोंड घालून पोट धरधरून हसून घेतलं. मीही हसले. काय अवदसा आठवली आणि हसले!

त्यांच्या शेतात विहिरीचं काम चालू होतं. महिनाभर नुसता काळा खडक लागत होता. दुसऱ्याच दिवशी पाणी लागलं. सत्यभामेचा नवरा बब्रुवान चिखलानं बरबटलेला धावत आला आणि ओरडला, "आई, पानी! पानी लागलं!" लक्ष्मीबाईंनी हात जोडले. "पोथी पावली!"

संपलं माझं आयुष्य. त्याच सांजेला लाल फडकं आलं. मला त्यात गच्च गुंडाळून वर दोऱ्याच्या गाठी मारल्या आणि देवघराच्या कपाटात चौरंगावर ठेवलं. किल्ली सासूच्या कंबरेला. रोज सकाळी हळद, रोज कुंकू, वर तीर्थाचे शिंतोडे, समईचं तेल. देवीनं हे मागितलं होतं का? येरमाळ्याची आई स्वतः डोंगरावर मोकळ्या वाऱ्यात बसलेली आहे, आणि तिच्या नावानं मला कपाटात कोंडलं! ज्या विहिरीसाठी गड्यांनी महिनाभर सुरुंग लावले, घाम गाळला, तिचं श्रेय मला! संताप नुसता.

सत्यभामेनं एकदा चाचरत विचारलं, "आत्याबाई, उद्या वाचू का जरा?"

"आता सोवळ्यात वाचायची. अन त्या मन्यारणीला लांब बशीव. पोथी बाटंल."

हे ऐकून मी फडक्यातल्या फडक्यात पेटले. कारण त्या घरातली, त्या गावातली रीत काय? बांगड्या भरून झाल्या की भरणारीला नमस्कार करायचा. सवाष्णीचं लेणं भरणारे ते हात. लक्ष्मीबाई स्वतः दर सणाला हिरव्या बांगड्यांनी भरलेले हात जोडून ताहेराबीपुढं वाकायच्या. आणि त्याच हातांनी मी बाटणार होते! ह्या अकलेला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

संक्रांत आली आणि गेली. ताहेराबीला लांब बसवून शेवटचं दार उघडायचं सत्यभामेला पटेना, आणि खरं सांगायची छाती होईना. रोज मनात जुळवायची आणि रोज गिळायची. तिचाही मला राग आला. एका 'व्हय'नं मला आत ढकललं, मग एका 'न्हाय'नं बाहेर काढ की! पण ती सासूच्या घरात होती आणि मी कपाटात होते. दोघींच्याही दाराला बाहेरून कडी होती.

इकडं माझ्या अंगाला काय होत होतं, ते कुणाला दिसत नव्हतं. तीर्थ फडक्यातून झिरपून खाली चौरंगावर साचायचं. मी उताणी ठेवलेली, म्हणजे माझी शेवटची पानं तळाशी. ओल आधी त्यांना लागली. मग कसर आली. माहीत आहे ना कसर? ती चपटी, चंदेरी कीड, अंधारात कागद खाणारी. उघड्या, रोज वाचल्या जाणाऱ्या पुस्तकाजवळ ती फिरकत नाही. मी रोज ओरडत होते, मला उघडा! वरून रोज घंटी वाजत होती.

पुढच्या दिवाळीनंतर एका दुपारी ताहेराबी आली. तिचा मुलगा सादिक हैदराबादला घड्याळाच्या दुकानात लागला होता आणि आईला न्यायला आला होता. उद्या सकाळच्या एसटीनं ती गाव सोडणार होती. जायच्या आधी ओळखीच्या घरांत शेवटचे हात भरत फिरत होती. लक्ष्मीबाईंचे भरले, मग सत्यभामेचा हात हातात घेतला. आज तिच्याकडं सांगायला गोष्ट नव्हती. गप्प राहून तिनं बांगड्या चढवल्या. मग खाली बघतच म्हणाली, "बेटा, आता परत येणं न्हाय. तेवडं एक दार ऐकवती का? मला त्या पोरीचं कळू दे. लांब बसते म्या. अंगणात बसते."

सत्यभामेनं सासूकडं पाहिलं. लक्ष्मीबाईंनी मान हलवली. "आज मंगळवार. आज गाठ सोडत न्हाईत."

आणि मित्रांनो, तेव्हा कुठं त्या पोरीला कंठ फुटला.

"आत्याबाई, ती पोथी न्हाय. गोष्ट हाय नुसती. म्या तुमच्याशी खोटं बोलले."

लक्ष्मीबाईंचा चेहरा आधी कोरा पडला आणि मग लालबुंद झाला.

"मंग इतके दिस म्या कुनाम्होरं हात जोडले?"

"गोष्टीम्होरं," ताहेराबी म्हणाली.

"तू गप बस!"

त्या तरातरा देवघरात गेल्या. किल्ली फिरली. माझं गाठोडं काखेत मारून त्या बाहेर आल्या आणि सरळ चुलीपाशी उभ्या राहिल्या. चुलीत निखारे होते. मी म्हटलं, चला, सुटले एकदाची. पण त्या तिथंच उभ्या राहिल्या. मग ओसरीवर येऊन धपकन बसल्या आणि सुनेवर खेकसल्या, "त्या पोरीला आई गावली का?"

दोघी बघतच राहिल्या.

"अशा काय बगायल्या? म्या काय बहिरी हाय व्हय? अंगनात आलं की येतंय ऐकू. त्या दिशी 'आई, दार उघड' म्हनली ती, तवापून माज्या डोक्यात हाय. शेवट वाच आदी. चुलीचं मंग बगू!"

अहो, त्या क्षणी माझा सगळा राग विरघळला होता! सत्यभामेच्या बोटांनी गाठी सोडल्या. ताहेराबी टोपली बाजूला सारून अगदी जवळ सरकली. तिला कुणी लांब बस म्हटलं नाही. फडकं उलगडलं. कुबट वास आला. पहिलं दार ठीक होतं, दुसरं ठीक होतं. पुढं पुढं पानांच्या कडा पिवळ्या, मग तांबूस. आणि शेवटच्या दाराशी सत्यभामेचं बोट आत शिरेना. पानं एकमेकांना चिकटून त्यांची भाकरी झालेली. तिनं नखानं हळूच कोपरा उचलला, तर पीठ खाली सांडलं. मधोमध भोकं, भोकांत कुंकू. दोन चंदेरी किडी सरसर पळाल्या.

"'चिमणानं हात उचलला आणि…'" सत्यभामेनं वाचलं. पुढं काही नव्हतं.

लक्ष्मीबाईंनी पानाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. "म्या तर रोज पूजा केली गं. एक दिस चुकवला न्हाय."

ताहेराबी इतकी वर्षं त्या घरात येत होती, पण चढ्या आवाजात ती कधी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"बाई, माज्या हाताला शिवू दिलं न्हाय तुमी. अन कसरीला दिलं!"

लक्ष्मीबाई पदरानं पानावरचं कुंकू पुसायला लागल्या.

"तुमी तरी मनानं सांगा शेवट, मावशी," सत्यभामा रडत म्हणाली. "तुमाला येतंय की."

"येतंय. धा घरांत धा सांगीन. लोकान्ला सांगायला म्या हाय, बेटा. मला सोताला कोन सांगनार?"

बांगड्या भरून झाल्या की ताहेराबी एक बांगडी जास्तीची, फुकट भरायची, आशीर्वादाची. ती हिरवी बांगडी तिनं माळेतून काढली, पण सत्यभामेच्या हातात चढवली नाही. माझ्यावर ठेवली. "गोष्ट अर्दी हाय. ज्या दिशी कुनी पुरी करंल, त्या दिशी भरा." सासू-सुना दोघी तिच्यापुढं वाकल्या. तिनं दोघींच्या डोक्यांवरून हात फिरवला, टोपली उचलली आणि गेली. जाताना माझ्याकडं वळून पाहिलं नाही. माझ्यावरही रागावली असेल. रागवावंच.

तुम्ही विचाराल, बाई गं, शेवट तुला तरी माहीत असेल? नाही. पुस्तकाला पानावर असतं तेवढंच आठवतं. चिमणाला आई भेटली की नाही, ते मला आता माहीत नाही. माझाच शेवट मला माहीत नाही! व्यंकटला सत्यभामेनं विचारलं, तर तो छापखाना कधीच बंद पडलेला, दुसरी प्रत नाही, आणि उलटे खिळे जुळवलेले त्याला आठवत नाहीत. मला लिहिणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर होतं. तेही कुंकवाखाली गेलं.

आता मी ओसरीवरच्या कोनाड्यात असते. लाल फडकं चुलीवरचं भांडं उतरवायला घेतलंय. कुणीही येतं, मला घेऊन जातं, आणून ठेवतं. माझ्या पानांवर हळदीची बोटं उमटलीत, पण ती स्वयंपाकाच्या हळदीची. एका पोरानं चौथ्या दारावर बैल काढलाय. पाठीचा दोरा सुटलाय, दोन पानं निसटलीत. सुटू देत, निसटू देत. ह्याला जपणं म्हणतात, मित्रांनो! तुमच्या घरात काचेच्या कपाटात, फडक्यात, ट्रंकेत जे कुणी गुदमरत असेल, त्याला आज बाहेर काढा. फाटेल म्हणून भिऊ नका. वाचून फाटलेलं पुस्तक सुखानं मरतं. पूजेनं कुजलेलं माझ्यासारखं तळतळत राहतं. आणि आवडलं म्हणून शेवट राखून ठेवू नका. संक्रांत तुमच्यासाठी थांबत नाही.

ती हिरवी बांगडी अजून माझ्यावर आहे. परवा सकाळी लक्ष्मीबाई देवपूजा उरकून बाहेर आल्या. बोटाला कुंकू होतं. कोनाड्यापाशी थांबल्या आणि सवयीनं त्यांचं बोट बांगडीकडं वळलं. मी मनातल्या मनात किंचाळले. ते बोट मध्येच थांबलं. मग त्यांनी कुंकू आपल्याच कपाळाला लावलं, बांगडी बाजूला ठेवली आणि मला दोन्ही हातांनी उचलून पाटावर आणलं.

"सत्यभामा, ये गं. पयल्या दारापून वाच. कदाचित आपल्यालाच सुचंल काय तरी."

सत्यभामा हात पुसत आली. येता येता सवयीनं रस्त्याकडचं दार लोटायला गेली.

"ऱ्हाऊ दे," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "दार उघडं ऱ्हाऊ दे. कुनी येनारं असलं तर येऊ दे."